कुंकू लावलेली पिन

काडीपेटीतल्या काड्या विस्तव पेटवण्यासाठी असतात, हे आमच्या लाखांदूरच्या आसपास फारसं कुणाला पटलेलं नव्हतं. त्या असतात भिंतीवरच्या बोर्डात रेडिओच्या तारा घट्ट बसवायला. वायरीची दोन टोकं दातांनी सोलायची, बोर्डाच्या दोन भोकांत खुपसायची आणि प्रत्येक भोकात एकेक काडी ठोकायची. रेडिओ गायला लागला की घरधन्यानं इंजिनिअरच्या थाटात खाटेवर मागे रेलायचं. मी विचारायचो, "अन् पिन कोठी गेली?" उत्तर ठरलेलं असायचं, "पिन कायले पाह्यजे मिस्तरी? काडीनं त काम चालून राहिलं."

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत या काड्यांविरुद्ध मी एकट्यानं लढाई केली आणि सपशेल हरलो. एका घरी पिन बसवून यावं, तर महिन्याभरात तीच पिन पोरांच्या खेळण्यात दिसायची आणि बोर्डात पुन्हा काड्या हजर.

एसटी स्टँडसमोर माझी टिनाची टपरी होती. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि पुढे टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. बाहेरच्या माणसाला वाटतं, रेडिओ मिस्तरी म्हणजे आतल्या नळ्या, कॉइली आणि धूर यांच्याशी झुंजणारा विद्वान. खरी गोष्ट अशी की माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त रेडिओ धडधाकट असायचे. दुखणं असायचं ते शेपटीला. वायर उंदरानं कुरतडलेली, नाहीतर पिनेतली तार सुटलेली. वायर बदलली, पिन बसवली, की रेडिओ ठणठणीत. पण गिऱ्हाईकाला एवढं साधं सांगितलं तर तो नाराज व्हायचा. एवढ्या लांबून डोक्यावर रेडिओ आणला आणि रोग निघाला वायरीचा, हे त्याला कमीपणाचं वाटायचं. म्हणून मी मागचं झाकण उघडायचो, आत टॉर्च मारायचो, दोनदा "हं" म्हणायचो, झाकण लावायचो आणि मग वायर बदलायचो. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

काम साधं असलं तरी त्यातही माणूस ओळखू येतो. सोललेली तार पीळ देऊन स्क्रूभोवती गुंडाळायची ती स्क्रू फिरतो त्याच दिशेनं, म्हणजे स्क्रू आवळला की तारही आवळली जाते. उलटी गुंडाळली तर स्क्रू तिला बाहेर ढकलतो. आणि पिनेच्या आत वायरीला एक गाठ मारायची. वायरीला कुणी हिसका दिला तर तो गाठीवर यावा, तारेवर येऊ नये. ही गाठ कुणाला दिसत नाही. मला मात्र तिचा फार अभिमान होता आणि त्याचं फळही मिळालं.

एका पाटलांनी रेकॉर्ड प्लेअरला लांबच लांब वायर जोडून मागितली. धानाच्या चुरणीच्या वेळी मजुरांना गाणी ऐकवायची होती. आमच्याकडे खळ्यात धान पसरून त्यावर बैल गोल गोल फिरवतात, ती चुरणी. वायर घरातून निघून खळ्याच्या कडेला ठेवलेल्या प्लेअरपर्यंत पोचली, गाणं सुरू झालं, बैलांनाही ते आवडलं असावं. पण फिरणाऱ्या बैलांच्या आणि वायरीच्या वाटा एकमेकींना छेदतात, हे पाटलांच्या ध्यानात आलं नाही. वायर बैलाच्या पायात अडकली, भिंतीतली पिन निसटली आणि रेकॉर्ड प्लेअर गाणं बंद करून बैलांच्या मागोमाग धान चुरायला लागला. पाटील तो घेऊन टपरीवर आले ते लालबुंद होऊन. "वायर तुटली काहून नाही रे? तुटली असती त माझं मशीन वाचलं असतं!" मी पिन उघडून पाहिली. गाठ जशीच्या तशी होती. पाटील शिव्या देत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

बहिणीकडे नाकाडोंगरीला गेलो तरी मला सुट्टी नसायची. तिथल्या खाणीतल्या एका बाबूंनी आपल्या रेडिओग्रामला अर्थिंग हवं म्हणून तिसरी तार खिडकीच्या गजाला बांधली होती. त्याच गजाला दोरी बांधून त्यांची बायको ओले कपडे वाळत घालायची. ती नवऱ्याकडे बोट करून मला दारातच म्हणाली, "भाऊ, यायचं गाणं माझ्या बोटातून जाते." बाबू हसले, म्हणाले बाई भित्री आहे. मी वायर उचलून पाहिली, तर उंदरानं बरोबर ती तिसरी तार आतल्या विजेच्या तारेला भेटवली होती. बाबूंना म्हटलं, आता तुम्हीच गज धरा. ते हसायचे थांबले आणि मी नवी वायर टाकली.

आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. काही घरांत माझा चहा अंगणात यायचा, हे सांगायला मला लाज नाही. ज्यांना वाटायला हवी ते वाचत असतील. पण रेडिओ अंगणात नसायचा. तो असायचा मधल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या शेजारी, विणलेलं झाकण अंगावर घेऊन. त्यामुळे मला आत घ्यावंच लागायचं. एवढ्या वर्षांत जे कुणाला साधलं नाही ते माझ्यासाठी एका तुटक्या वायरीनं साधलं. म्हणून मी पिनेला कधी हलकं काम म्हटलं नाही.

आता जी सांगायला बसलो ती गोष्ट.

एका सकाळी चुलबंद नदीकाठच्या गावचा दामोदर नावाचा तरणा शेतकरी टपरीवर आला. हातात रेडिओ नव्हता. बाकावर बसला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "मिस्तरी, आमचा रेडिओ माझ्या मायले चावते."

मी म्हटलं, "मग घेऊन काहून नाही आला?"

"माय म्हणते, रेडिओ घराबाहेर निघन त बायकोसंगंच निघन. दोघंही एकोडीले."

दामोदरचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. बायको कुसुम एकोडीची, आणि रेडिओ तिच्या बापानं आंदण दिलेला. वरातीच्या बैलबंडीतून येताना आवाजाचं बटण कुठंतरी गळून पडलं आणि त्या जागी नुसता लोखंडी दांडा राहिला. घरचे तो दांडा चिमटीत धरूनच फिरवायचे. कुसुमनं फिरवला तर काही नाही. दामोदरची आई, भागाबाई, हिनं फिरवला की झटका. तोही रोज नाही. कधी बसायचा, कधी नाही. भागाबाईनं त्यातून निष्कर्ष काढला, की रेडिओ माहेरवाला आहे, आपल्या माणसाला ओळखतो आणि सासूला चावतो.

गावच्या भगताला बोलावलं गेलं. भगत हुशार होता. रेडिओला हात न लावता त्यानं लांबूनच तांदूळ फेकले, वायरीला काळा दोरा बांधला, पिन बोर्डातून काढवली आणि समोर आलेल्या बाजूवर कुंकवाचा मोठा ठिपका लावला. मग सांगितलं, की एकोडीच्या पांदणीतलं, म्हणजे शेतवाटेवरचं, काहीतरी पोरीसंगं आलेलं आहे. यावरही रेडिओ चावला. तेव्हा भागाबाईनं हुकूम दिला, बंडी जुंपा.

"मले बायको पाठवायची नाही," दामोदर म्हणाला. एवढंच बोलला, पण हे बोलायला तो गाव सोडून लाखांदूरपर्यंत आला होता. आईसमोर हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नसावं. मी पिशवी उचलली, टपरी बंद केली आणि त्याच्याबरोबर एसटीत बसलो.

रस्त्यात मी त्याला विचारलं, रात्री पिन काढून ठेवता का? म्हणाला, काढतोच, सारं गाव काढते, आभाळातली वीज घुसन म्हणून. सकाळी कोण लावतं? ज्याच्या हाताला येईल तो. मला बाकीचं कळून चुकलं.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक गरम, एक थंडी. काही स्वस्त रेडिओंची रचना अशी, की दोनपैकी एक तार थेट आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. थंडी तार सांगाड्याला आली तर काही त्रास नाही. पण दोन दांड्यांची पिन कशीही बसते. उलटी बसली की गरम तार सांगाड्यावर, आणि सांगाड्याला जोडलेला तो उघडा दांडाही गरम. बटण असतं तर बोट दांड्याला लागलंच नसतं. ते तर वरातीच्या रस्त्यावर पडलेलं.

अंगणात पोचलो तर बंडी उभीच होती. आत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेली, बैल शेजारी बांधलेले. ओट्यावर कुसुमची पत्र्याची पेटी, आणि पेटीशेजारी कुसुम. बुटकी, सावळी, तोंड आवळून बसलेली. रडत नव्हती. रडून झालेलं असावं. अंगणाच्या कडेनं शेजारपाजार जमला होता, आमच्याकडे फुकटचा तमाशा कुणी सोडत नाही.

भागाबाई उंच, हाडापेरानं दणकट. म्हणाली, "पाहून घे बाबा. मंग म्हणू नको, बुढी खोटी बोलते."

मी दारात चपला काढल्या आणि आत गेलो. मधली खोली सकाळीच सारवलेली, पायाखाली अजून ओल होती. रेडिओ उंच फळीवर. फळीखाली एक लाकडी पाट ठेवलेला. तो कुणाचा, असं विचारलं तर दामोदर म्हणाला, कुसुमचा हात पोचत नाही, पाटावर उभी राहून लावते. भागाबाईला पाट लागायचा नाही. ती पहाटे उठून जमीन सारवायची आणि त्याच ओल्या हातांनी, अनवाणी, भजनं लावायची. लाकडावर उभ्या माणसाला झटका बसत नाही, ओल्या जमिनीवरच्याला पुरेपूर बसतो. माझा सगळा खटला जागेवर तयार होता. मी खिशातून टेस्टर काढला आणि वकिलासारखा वळलो. टेस्टर म्हणजे आत दिवा असलेला स्क्रूड्रायव्हर, गरम तारेला लागला की पेटतो.

टेस्टर दांड्याला लावला. दिवा पेटला नाही.

पिन त्या दिवशी सुलटी बसलेली होती. मी शहाणपणानं म्हटलं, "सध्या तर काही नाही मावशी." एवढंच वाक्य भागाबाईला पुरलं.

"म्हणजे मी खोटी बोलतो का? माणसासमोर साधा बनते तो! तेच त म्हणून राहिली मी!"

अंगणातून कुणीतरी "हो ना" म्हटलं. दामोदर माझ्याकडे पाहत होता. मी पिन काढून उलटी करणारच होतो, पण हा गडबड्या मिस्तरी काहीतरी जुगाड करून झटका काढून दाखवतो, असं म्हणायला सारी मंडळी टपलेली होती. तेवढ्यात मधल्या दारातून हळू आवाज आला.

"कुंकू वर करून लावा ना भाऊ. कुंकू वर असलं का चावते."

कुसुम ओट्यावरून उठून दाराशी आली होती. भगतानं पिनेच्या ज्या बाजूला कुंकू लावलं, ती बाजू वर आली की गरम तार सांगाड्यावर जात होती. भुतासाठी लावलेला ठिपका या पोरीनं खुणेसारखा वापरला होता. मी धंद्यात इतकी वर्षं काढली, अशी खूण करायचं मला सुचलं नव्हतं.

माझं डोकं आनंदानं फिरलं. मी झटकन पिन काढली, कुंकू वर करून लावली आणि, आता ऐका, बोटांनी दांडा धरला.

टपरीत मी कायम लाकडी फळीवर बसतो, पायात रबरी चपला. इथं चपला दारात होत्या आणि पाय ओल्या सारवणावर. लाकूड आणि ओल यावर भाषण तयार करून आलेला मनुष्य मी. हात खांद्यापर्यंत झणाणला, मी मागे फेकला गेलो आणि तोंडातून जी शिवी निघाली ती दिवाळी अंकात छापता येत नाही. देव्हारा समोरच होता.

"पाह्य!" भागाबाईनं टाळी वाजवली. "मिस्तरीलेही चावलं! सांगून राहिली होती का नाही?" इतकी आनंदी बाई मी त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती. महिनाभर तिला कुणी खरी मानलं नव्हतं, हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मग तिचा आनंद ओसरला आणि ती सुनेकडे वळली. "अन् तुले कसं मालूम, कुंकू वर असलं का चावते म्हणून?"

हा प्रश्न वाईट होता. जिनं भूत आणलं म्हणतात, तिलाच भूत कधी चावतं ते ठाऊक निघालं.

कुसुम म्हणाली, "तुम्हाले झटका बसला का मी पिन पाह्यत होतो. रोज."

"मंग सांगतली काहून नाही?"

"सांगतली असती, त मलेच भगतासमोर बसवली असती."

मी ओशाळून हात चोळत उठलो आणि पाटाबद्दल, ओलीबद्दल सांगू लागलो. पाटावर चढून दांडा धरून दाखवला. काही झालं नाही. लोक मान हलवत होते, पण विश्वासानं नाही. मिस्तरीनं मंतर टाकला असेल. शेवटी सवाल एकच होता, रेडिओ कुसुमला सोडतो की नाही. तो सवाल मी सोडवूच शकत नव्हतो.

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं, पायानं पाट बाजूला सरकवला आणि मी "अहो बाई, नको" म्हणेपर्यंत अनवाणी टाचा उंच करून, हात ताणून, दांड्याला बोट लावलं.

ती ओरडली आणि खाली बसली. मी पिन उपटली. त्याच्याही आधी भागाबाई पोचली होती. सुनेचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला होता, चोळत होती, फुंकत होती आणि फळीवरच्या रेडिओला म्हणत होती, "तिले कायले चावते रे मुडद्या! तिच्या बापानं आणला ना तुले!"

असं ती बोलून गेली, आणि मग तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. तिनं मान खाली घातली. सुनेचा हात मात्र सोडला नाही. अंगणातल्या लोकांना आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते एकेक करून पांगले. दामोदर बाहेर जाऊन पेटी उचलून आत घेऊन आला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मी कामाला लागलो. काळा दोरा बांधलेली जुनी वायर कापली, नवी टाकली. बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट बसवलं आणि वायरीला तीन दांड्यांची पिन. या जातीच्या रेडिओत तिसऱ्या दांड्याला तार जोडायचीच नसते. तो फक्त एवढ्यासाठी, की पिन उलटी बसूच नये. टेस्टर लावून थंडी तार सांगाड्यावर आल्याची खात्री केली. पिशवीत एक बटण सापडलं, दुसऱ्याच रेडिओचं, पांढरं. काळ्या रेडिओवर ते विचित्र दिसत होतं, पण बसलं घट्ट. पिनेच्या आतली गाठ मी त्या दिवशी दोनदा आवळली. मग भागाबाईला म्हटलं, लावा मावशी. ती ओल्या जमिनीवर उभी राहिली, बटण धरलं, डोळे मिटले आणि फिरवलं. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी खताची माहिती चालू होती. ती तिनं शेवटपर्यंत भक्तिभावानं ऐकली.

चहा आतच आला, कपबशीत. कुसुमनं आणला.

आज वायर आणि पिन एकाच साच्यातून ओतून येतात, स्क्रू नाही, गाठ नाही. खराब झाली की फेकायची. चांगलं आहे, झटके कमी बसतात. तरी मला वाईट वाटतं. पिन उघडता येत नाही, म्हणजे आत कुणी काय केलं ते कधी दिसतच नाही, आणि मिस्तरीला कुणाच्या मधल्या खोलीत जायचं कारणही उरत नाही.

निघताना दामोदर म्हणाला, एसटीपर्यंत सोडतो, बंडी तयारच आहे. मी तणसीवर चढून बसलो, जिथं पेटी ठेवायची होती तिथंच. बैल जुंपले. तेवढ्यात भागाबाई दारातून लगबगीनं आली. हातात मी कापून टाकलेली जुनी पिन होती, तीच, कुंकवाची. ती तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

"दामू," ती पोराला म्हणाली, "बंडी पयले भगताच्या दारावरून घे. हे त्याले द्या. म्हणा, एकोडीचं भूत हाये याच्यात, तूच सांभाळ आता. आमची सून काही जाऊन राहिली नाही."